१९८६ च्या मोटरहोमला नवा गिअरबॉक्स आणि ओव्हरहॉल केलेलं इंजिन, गॅरेजला साडेतीन स्टार

आधी निकाल सांगून टाकतो कारण खाली मी बराच पसरणार आहे. कामाला चार स्टार, बोलण्याला दोन, आणि शेवटी चूक कबूल करून फुकट दुरुस्त करून दिली म्हणून वरती सरकवून साडेतीन. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये, उलट पुढच्या कामाला कदाचित परत जाईन.

गाडी कोणती ते सांगतो. शेव्हरोले पी-३० चेसिस, १९८६ ची, ४५४ म्हणजे ७.४ लिटरचं बिग ब्लॉक, क्वाड्राजेट कार्ब्युरेटर आणि मागे टर्बो ४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक. पाणी, सामान, माणसं भरून काट्यावर साडेसहा टन. साडेएकोणीस इंची रिमचे टायर आणि मागच्या एक्सलचा रेशो ४.५६, म्हणजे शाफ्टचे साडेचार फेरे झाले की चाकाचा एक. हे आकडे उगाच देत नाहीये, पुढे लागणार आहेत.

ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी, इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधे एका कव्हरखाली असतं. म्हणजे इंजिन जवळजवळ तुमच्या उजव्या गुडघ्याला टेकून बसलेलं. ताशी ९५ ला माझा टॅको, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा काटा, २९०० दाखवायचा, आणि तासाभराने बायकोशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं, मग आम्ही बोलायचंच बंद केलं (भांडणं कमी झाली हा फायदा मान्य). पाय भाजायचा तो वेगळाच.

मग धूर सुरू झाला. सकाळी स्टार्ट केली की निळा, आणि चढावर मधेच पांढरा ढग. मी डोक्यात धरून बसलो होतो की इंजिन गेलं. गॅरेजवाल्याने पहिल्याच दिवशी जे केलं त्याला मी पूर्ण मार्क देतो. त्याने गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला असलेल्या मॉड्युलेटरची व्हॅक्यूमची रबरी नळी काढली आणि बोट आत घालून मला दाखवलं, बोटाला लाल तेल. टर्बो ४०० ला इंजिनवर किती लोड आहे हे व्हॅक्यूमवरून कळतं, ते कळवणारा डबा म्हणजे मॉड्युलेटर, त्याच्या आतला पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल ओढतं आणि जाळतं. पांढरा ढग तो. हा पार्ट दोन बोल्टांच्या आत निघतो, आणि ह्या एका गोष्टीवरून लोकांनी चांगली इंजिनं उघडली असतील याची मला खात्री आहे.

निळा धूर मात्र खरा होता. कॉम्प्रेशन काढलं तर सहा सिलिंडर १४० पीएसआयच्या पुढे आणि दोन ९० च्या घरात. त्या दोघांत तेलाची पिचकारी मारून परत मोजलं, आकडा चढला, म्हणजे व्हॉल्व्ह नाही, रिंगा. गिअरबॉक्सही दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना घसरत होता आणि पॅन उघडल्यावर तळाला काळा गाळ. म्हणजे दोन्ही काढायचंच होतं, प्रश्न एवढाच की जागी काय बसवायचं.

इथे प्रत्येक जण एकच सल्ला देतो, कमिन्सचं डिझेल इंजिन टाक. मीही महिनाभर त्याच नशेत होतो. पण जरा हिशोब करा. सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं १२ व्हॉल्व्हवालं कमिन्स हे ४५४ पेक्षा दीडशे ते दोनशे किलो जड आहे आणि ते सगळं वजन पुढच्या एक्सलवर येतं, आणि पी-३० चा पुढचा एक्सल तसाही आधीच रडत असतो, कॉइल स्प्रिंगच्या आत एअरबॅग घातलेल्या असतात त्या काय हौस म्हणून नाही. दुसरं म्हणजे त्या इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे फेरे रोखणारा भाग, २५०० च्या आसपास धरतो, आणि माझ्या ४.५६ च्या एक्सलला ओव्हरड्राइव्हशिवाय (त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारा वरचा गिअर) ९५ ला कागदावरच २८०० च्या जवळ लागतात. म्हणजे कमिन्स टाकायचं तर एक्सल बदल, स्प्रिंग बदल, ब्रेकची व्हॅक्यूम-हायड्रॉलिकची भानगड बघ, कव्हर नवीन बनव कारण इंजिन लांब. मोठी गाडी आणि मोठा खिसा असेल तर करा, मला नाही जमलं.

दुसरा पर्याय १९९६ ते २००० मधलं व्हॉर्टेक ७४००. तेच ४५४ घराणं, पण फ्युएल इंजेक्शन, रोलर कॅम (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), २९० हॉर्सपॉवर. मन तिकडे ओढत होतं. पण त्याला कॉम्प्युटर, सेन्सर, टाकीत हाय प्रेशरचा पंप आणि वायरिंगचा पूर्ण हार्नेस लागतो, आणि कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीतलं इंजिन किती पळालंय हे मला कोण सांगणार. तिसरा पर्याय म्हणजे टर्बो ४०० तसाच ठेवून मागे गिअर व्हेंडर्सचा ओव्हरड्राइव्ह लावायचा, ०.७८ चा रेशो, चांगली वस्तू आहे आणि ज्याचा टर्बो ४०० धडधाकट आहे त्याने आधी तिकडेच बघावं. माझा धडधाकट नव्हता. त्याचं ओव्हरहॉल करून वर ओव्हरड्राइव्ह म्हणजे दोनदा खर्च.

म्हणून शेवटी ठरलं असं, इंजिन तेच, पूर्ण ओव्हरहॉल, आणि गिअरबॉक्स ४एल८०ई.

हा बॉक्स काय आहे ते दोन ओळीत. १९९१ ला आला, टर्बो ४०० चाच धाकटा भाऊ म्हणा, पहिले तीन रेशो जसेच्या तसे २.४८, १.४८, १.००, आणि वर चौथा ०.७५. शिवाय टॉर्क कन्व्हर्टरमधे लॉकअप क्लच, तो लागला की इंजिन आणि शाफ्ट सरळ जोडले जातात, मधे तेल घुसळत बसत नाही. लोक ओव्हरड्राइव्हचं कौतुक करतात पण जड गाडीत निम्मं काम त्या लॉकअपचं आहे असं माझं मत झालंय. आणि नीट बघा, पहिले तीन रेशो तेच असल्यामुळे चढावर हा बॉक्स तुम्हाला कुठलाही नवा गिअर देत नाही. चढावर जे सुधारलं ते इंजिनामुळे, सपाटीवर जे सुधारलं ते बॉक्समुळे. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी अपेक्षा जरा बेतात ठेवल्या असत्या.

इंजिनचं काम मस्त झालं. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक घासला, हेडला कडक केलेल्या सीट बसवल्या म्हणजे बिनशिशाच्या पेट्रोलवर सीट खात बसणार नाही, आणि कॅम मुद्दाम खालच्या आरपीएमला ताकद देणारा घेतला. इथे मी एक हट्ट केला होता की जरा गरम, म्हणजे वरच्या आरपीएमला ताकद देणारा कॅम टाकू, त्याने सरळ नाही म्हटलं, "सहा टन ढकलायचेत, शर्यत लावायची नाही." बरोबर होतं त्याचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे तीन बोल्ट अपेक्षेप्रमाणे तुटले, हे इंजिन आणि तुटलेले मॅनिफोल्ड बोल्ट ही जुनी जोडी आहे, बंद कव्हरखाली गरम होऊन होऊन ते लोखंड ठिसूळ होतं. एक मॅनिफोल्ड चिरलेलं निघालं, ते बदललं.

पहिल्यांदा स्टार्ट करायच्या दिवशी मला बोलावलं. सपाट टॅपेटचा कॅम असल्यामुळे झिंकवालं तेल घालून पहिली वीस-पंचवीस मिनिटं इंजिन २००० च्या खाली येऊच द्यायचं नसतं, आयडलवर सोडलं तर कॅमचे लोब नवीन असतानाच घासून जातात. हातात घड्याळ घेऊन दोन माणसं उभी, एक थ्रॉटलवर, एक टेंपरेचरवर. कव्हर काढलेलं, गाडीच्या आत तो आवाज, आणि नव्या रंगाचा जळका वास. मी बाहेर पळालो. खोटं कशाला बोलू.

आता गिअरबॉक्स. ज्यांना वाटतं की बोल्ट जुळले म्हणजे झालं, त्यांनी हा भाग वाचा. बेलहाउसिंगचे, म्हणजे बॉक्सच्या इंजिनला टेकणाऱ्या तोंडाचे बोल्ट जुळतात हे खरंय. पण ४एल८०ई टर्बो ४०० पेक्षा लांब आहे आणि चांगलाच जड आहे, म्हणून क्रॉसमेंबर (बॉक्सखालचा आडवा आधार) मागे सरकवावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्ट कापून परत बॅलन्स करावा लागतो. माझ्या गाडीत वर आणखी एक गंमत, पार्किंग ब्रेक मागच्या चाकांना नाहीच, तो शाफ्टवरच्या ड्रमला आहे, स्प्रिंगने लागतो आणि हायड्रॉलिक प्रेशरने सुटतो. लीव्हर पी मधे टाकला की तो ड्रम गाडी धरतो. गॅरेजवाल्यांनी शाफ्टचं माप घेतलं ते ह्या ड्रमचा विचार न करताच. शाफ्ट आला आणि बसेना. दुसऱ्यांदा कापला, आठवडा गेला. जुन्या गाडीत अशी वस्तू आहे हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, लिहून द्यायला हवं होतं ही माझी चूक.

तेलाच्या कूलरच्या नळ्यांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. १९९७ पासूनच्या ४एल८०ई मधे कूलरकडून परत येणारी नळी केसच्या मागच्या बाजूला जाते, त्याआधीच्या बॉक्समधे दोन्ही पुढेच आहेत. जुन्या पद्धतीने नवीन बॉक्सला नळ्या लावल्या तर आतल्या बेअरिंगला तेल पोचत नाही आणि मग बॉक्स थोड्याच दिवसांत गेला. ह्यांना हे माहीत होतं, मी मुद्दाम अडाणी बनून विचारलं होतं. इथे एक स्टार पक्का.

हा बॉक्स इलेक्ट्रॉनिक आहे, माझ्या इंजिनाला कॉम्प्युटर नाही, म्हणून वेगळा कंट्रोलर लागतो. त्याला तीन-चार गोष्टी कळाव्या लागतात: आत येणारा आणि बाहेर जाणारा स्पीड, तेलाचं तापमान आणि थ्रॉटल किती दाबलाय. शेवटच्यासाठी कार्ब्युरेटरच्या बाजूला ब्रॅकेट करून सेन्सर बसवला, पाय सोडल्यावर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या आसपास. हे सेटिंग चुकलं की बॉक्स वेड्यासारखा वागतो, एकतर खूप लवकर वर जातो नाहीतर अडकून बसतो. माझा पहिले चार दिवस हलका पाय ठेवला तरी गचके देत होता, सेन्सरचं ब्रॅकेट कार्ब्युरेटर गरम झाल्यावर हलत होतं. एक स्क्रू. त्या एका स्क्रूसाठी मी तीन फोन केले आणि तिन्ही वेळा "गाडी सवयीला लागेल" असं उत्तर मिळालं. बोलण्याचे स्टार इथे गेले.

आणि आता मुख्य तक्रार.

गाडी ताब्यात घेतली, पहिल्या सिग्नलला थांबलो आणि कपाटातल्या प्लेटा वाजायला लागल्या. आयडलवर हलकी थरथर, १८०० ला जास्त, २२०० ला स्टिअरिंग हाताला मुंग्या आणेल अशी. परत नेली. पहिलं उत्तर टायर बॅलन्स. केला, काही फरक नाही. दुसरं उत्तर प्रोपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट. बदलला, बिलात घातला, काही फरक नाही. तिसऱ्या वेळी मी गाडी उभी केली, न्यूट्रलला टाकली, टेबलावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवला आणि म्हटलं आता रेस करा. गाडी जागची हलत नाहीये, टायर फिरत नाहीये, शाफ्ट फिरत नाहीये, आणि ग्लासातलं पाणी मधोमध उड्या मारतंय. मग हे टायरचं कसं असेल? शांत झाले सगळे.

कारण असं निघालं. ४५४ चा क्रँक बाहेरून बॅलन्स केलेला असतो, पुढच्या टोकाच्या डॅम्परवर आणि मागे गिअरबॉक्सला जोडणाऱ्या फ्लेक्सप्लेटवर मुद्दाम वजन ठेवलेलं असतं. त्याच बिग ब्लॉक घराण्यातले ३९६ आणि ४२७ हे आतूनच बॅलन्स, त्यांच्या प्लेटला वजन नसतं. दिसायला दोन्ही प्लेटा सारख्या, भोकं जुळतात, दाते जुळतात. नवीन बॉक्सबरोबर नवीन प्लेट मागवली ती बिनवजनाची आली आणि बसवणाऱ्याने जुनी शेजारी ठेवून बघितलीच नाही. बघितली असती तर लहान पोरालाही कळलं असतं, जुनीच्या कडेला लोखंडाचा तुकडा वेल्ड केलेला होता. बॉक्स परत खाली उतरवला, बरोबर प्लेट टाकली, आणि ग्लासातलं पाणी स्थिर. मालकाने स्वतः येऊन चूक मान्य केली, मजुरी घेतली नाही, युनिव्हर्सल जॉइंटचे पैसेही परत केले. पण हे सगळं व्हायला सोळा दिवस लागले आणि त्यातले चौदा दिवस मलाच वेड्यात काढण्यात गेले.

तर आता आठ महिने झालेत, कशी चालते.

ताशी ९५ ला चौथ्यात लॉकअप लागल्यावर टॅको २१०० च्या जरा खाली. २९०० वरून. हा आकडा वाचून काही वाटणार नाही, पण पहिल्या लांबच्या प्रवासात दीड तासाने बायको सहज नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलली आणि मला ऐकू आलं, आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. पेट्रोल लिटरला तीन किलोमीटर होतं ते सव्वातीन ते साडेतीन, वाऱ्यावर आणि पायावर अवलंबून. ज्याला पेट्रोलच्या बचतीत हा खर्च वसूल करायचा आहे त्याने हा नाद सोडावा, ह्या जन्मात होणार नाही.

गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा मोठा कूलर लावला, तापमान आधी लांब चढावर ११५ अंशांपर्यंत जायचं, आता ८५-९० ला थांबतं. कंट्रोलरमधे तिसऱ्यालाही लॉकअप लावून घेतलाय, चढावर तिसऱ्यात लॉक करून ठेवला की तापमान चढतच नाही. रेडिएटरचा कोअर नवीन, फॅन क्लच नवीन. नवीन फॅन क्लच लागला की विमान उडाल्यासारखा आवाज येतो, मी घाबरून गाडी बाजूला घेतली होती, तर तो आवाज म्हणजे तो नीट काम करतोय याची खूण निघाली. जुना कधी आवाजच करत नव्हता, आता कळलं का तापायची.

चढावर मात्र उगाच स्वप्नं बघू नका. जिथे आधी ५० ने चढायची तिथे आता ६० ने चढते. ट्रकवाले अजूनही मागे जमतात.

उतारावर एक गोष्ट शिकावी लागली. चौथ्यात इंजिनचा ब्रेक जवळजवळ मिळत नाही, पहिल्याच मोठ्या उतारावर सवयीने तसाच सोडला आणि गाडी पळायला लागली. आता उतार सुरू व्हायच्या आधीच लीव्हर तिसऱ्यावर, मोठा असेल तर दुसऱ्यावर. आणि ताकद वाढली म्हणून ब्रेक वाढत नाहीत, म्हणून काम चालू असतानाच ब्रेकच्या नळ्या आणि ऑइल बदलून घेतलं, ते जुनं ऑइल चहासारखं झालं होतं. हे गॅरेजने सुचवलं नाही, मी सांगितलं. त्यांनी सुचवायला हवं होतं.

दोन महिन्यांपूर्वी एकदा रस्त्यात बॉक्स अचानक दुसऱ्यातच अडकला, वरही जाईना आणि खालीही येईना, गिअर धाडकन लागतोय. ह्या बॉक्सची वीज गेली की तो आपोआप दुसऱ्या गिअरमधे आणि फुल प्रेशरला राहतो, म्हणजे घरी पोचता येतं. कंट्रोलरची अर्थिंगची वायर सैल झाली होती. चाळीसच्या स्पीडने वीस किलोमीटर येऊन पाच मिनिटांत पाना फिरवून झालं. ही वायर पेंट खरवडून लावलेली नव्हती, म्हणजे परत गॅरेजचीच हयगय, पण एवढ्यासाठी मी स्टार कापत नाही.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी माझी तक्रारवही थोडक्यात. बिल अंदाजाच्या दीडपट झालं, त्यातला बराचसा भाग खरा होता कारण मॅनिफोल्ड, रेडिएटर, कूलर ह्या गोष्टी उघडल्यावरच कळतात, पण दर वेळी फोन करून विचारतो म्हणाले आणि दोनदाच विचारलं. जुने पार्ट परत मागितले तर अर्धेच मिळाले. कामाचे फोटो पाठवतो म्हणाले, तीन आले, त्यातला एक त्यांच्या मांजराचा होता (मांजर छान आहे). स्पीडोमीटरची केबल जुन्या बॉक्समधून चालायची, नव्या बॉक्सला इलेक्ट्रॉनिक सिग्नल, मधे एक छोटी मोटर लावून केबल फिरवतात ती लावायची राहिली, म्हणून दोन महिने मी फोनवर स्पीड बघून चालवली.

परत करायचं झालं तर मी आधी गिअरबॉक्स करेन आणि इंजिन फक्त कॉम्प्रेशन खरंच पडलं असेल तरच उघडेन. माझं पडलं होतं. तुमचं मोजा आधी, आणि मॉड्युलेटरची ती नळी काढून बोट घालून बघा.

सध्या मागच्या सीलमधून थेंब थेंब तेल गळतंय, पुढच्या आठवड्यात त्याच गॅरेजला गाडी नेणार आहे. ह्या वेळी ड्रमचं, नळ्यांचं, सगळं कागदावर लिहून आणि सही घेऊन.